हॉलमधला कारखाना

कारखान्यात कुठलं यंत्र कुठे ठेवायचं हे ठरवायला इंजिनिअर पगार घेतात, नकाशे काढतात, बैठका भरवतात आणि बैठकीत बिस्किटं खातात. घरात हे सगळं फ्रिज ठरवतो. फ्रिजचं दार पूर्ण उघडायला लागेल तेवढी जागा सोडायची आणि उरलेल्यात आपला उद्योग उभारायचा. मग कपाटाची दारं, न्हाणीघराचं दार आणि दुपारी आडवं होणाऱ्या माणसाचे पाय, यांचाही हिशेब असतोच. घरगुती उद्योग कसा सुरू करावा यावर जी पुस्तकं निघतात त्यांच्या पहिल्या पानावर एक रिकामी खोली गृहीत धरलेली असते. चेन्नईत ज्याच्याकडे रिकामी खोली असते तो ती भाड्याने देतो. त्याला उद्योग करायची गरजच काय?

आमच्याकडे उद्योग आहे तो भरतनाट्यमचे पोशाख शिवण्याचा. आमच्याकडे म्हणजे हिचा. मी अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी केली, तीही वर्क स्टडी खात्यात. म्हणजे दुसरा माणूस काम करत असताना स्टॉपवॉच घेऊन त्याच्या बाजूला उभं राहायचं आणि तो अधिक चांगलं काम कसं करू शकेल हे लिहून काढायचं. हे खातं कामगारांत किती लोकप्रिय असतं ते सांगायला नको. निवृत्तीच्या वेळी कंपनीने शाल दिली, नारळ दिला आणि स्टॉपवॉच परत मागायला ती विसरली. घरी आलो तर समोर शिलाई मशीन चाललेलं.

तर पोशाख. प्रेक्षागृहात बसलेल्याला ती साडी वाटते. प्रत्यक्षात एक अख्खी कांजीवरम कापून तिचे पायजमा, ब्लाऊज, छातीवरून जाणारा पदर, मागची पट्टी आणि मधला चुण्यांचा पंखा असे सुटे भाग शिवलेले असतात. मुलगी गुडघे वाकवून अर्ध्या बैठकीत गेली की पंखा उघडला पाहिजे, उभी राहिली की आपण होऊन मिटला पाहिजे, आणि हे तास-दीड तास एकही हूक न सुटता झालं पाहिजे. असा शिवलेला पोशाख रूढ करण्याचं श्रेय रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना देतात. 1935 साली त्या अडयारला पहिल्यांदा जाहीरपणे नाचल्या, 1936 साली त्यांनी कलाक्षेत्र काढलं. पोशाखाच्या कामात त्यांना एका इटालियन शिवणकाम करणाऱ्या बाईंची मदत झाली असं सांगतात. त्या बाईंचं टेबल किती उंच होतं याची नोंद कुणी ठेवलेली नाही. आमच्या खात्याचं दुर्दैव.

आणि ज्या तंजावरच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चौघा भावांनी या नृत्याच्या कार्यक्रमाचा आजचा क्रम बांधला, तो दरबार दुसऱ्या सरफोजीराजांचा. तेव्हा हे एका अर्थी मराठी माणसाचं घरचंच कार्य, असं मी अधूनमधून हिला सांगतो. ही म्हणते, "राजांनी चार भाऊ ठेवले होते. मला निदान हूक लावायला एक माणूस द्या."

सरकारच्या लेखी मात्र आमची व्यवस्था चोख आहे. 1 जुलै 2020 पासून उद्यम नोंदणी सुरू झाली. आधार आणि पॅन घेऊन संगणकासमोर बसलं की फुकटात प्रमाणपत्र मिळतं. त्यावर हिच्या नावापुढे सूक्ष्म उद्योग असं छापून आलं. सूक्ष्म म्हणजे किती, तर 1 एप्रिल 2025 पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक 2.5 कोटींपर्यंत आणि उलाढाल 10 कोटींपर्यंत. आमच्याकडे एक शिलाई मशीन, एक ओव्हरलॉक आणि एक इस्त्री. मर्यादा ओलांडायला अजून थोडा अवकाश आहे.

मी शास्त्राने सुरुवात केली. आमच्या शास्त्रात दोऱ्याचा नकाशा नावाचा एक प्रकार असतो. जागेचा आराखडा फळीवर चिकटवायचा, माणूस जिथे जिथे थांबतो तिथे टाचणी टोचायची, आणि तो जसा हिंडेल तसा टाचण्यांभोवती दोरा फिरवत जायचा. संध्याकाळी दोरा उलगडून मोजला की चाल किती झाली ते कळतं. घरात टाचण्यांना आणि दोऱ्याला तोटा नव्हता. कापायचं टेबल ते मशीन आणि मशीन ते इस्त्री या वाटांवर दोऱ्याची गर्दी होईल असा माझा होरा. पण दोऱ्याचा जाडजूड पट्टा तयार झाला तो मशीन आणि गॅसच्या शेगडीच्या मध्ये. दूध, कुकर, डाळ, पुन्हा दूध. त्याखालोखाल मशीन ते पुढचं दार: पाण्याचा कॅनवाला, पालेभाजीवाली, कुरिअर, आणि शेजारच्या मामी. मशीन ते इस्त्री ही वाट बिचारी दोन-चार पदरी.

शास्त्राप्रमाणे उपाय सरळ आहे. ज्या दोन ठिकाणांत येरझारा जास्त ती जवळ आणायची. म्हणजे मशीन स्वयंपाकघरात किंवा शेगडी हॉलमध्ये. कांजीवरमच्या शेजारी मोहरीची फोडणी. मी यावर विचार करत होतो तेवढ्यात ही चष्मा लावून फळीपाशी आली आणि बराच वेळ बघत राहिली.

"अहो, यात तुम्ही कुठे आहात?"

निरीक्षकाची टाचणी लावायची पद्धत नाही, असं मी सांगितलं.

"लावा," ही म्हणाली. "आणि शेगडीपाशी लावा."

तेव्हापासून दूध मी तापवतो. मशीन आणि शेगडीमधला दोरा निम्म्याने कमी झाला. हालचाली वाचवण्याच्या शास्त्राचा इतका तडकाफडकी विजय मी अंबत्तूरलाही पाहिला नव्हता.

या शास्त्राचे आद्यपुरुष फ्रँक गिलब्रेथ. वीट रचताना गवंडी 18 हालचाली करतो हे त्यांनी मोजलं आणि त्या साडेचारांवर आणल्या. त्यांच्या पत्नी लिलियन मानसशास्त्राच्या पंडित. 1924 साली फ्रँक गेल्यावर मुलांचा गोतावळा सांभाळत लिलियनबाईंनी संसार चालवला, आणि कारखान्यांची दारं बाईमाणसाला सहज उघडेनात तेव्हा त्यांनी मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. ओटा, शेगडी, भांडी यांची अशी मांडणी करून दाखवली की बाईची पावलं वाचावीत. गंमत म्हणजे लिलियनबाईंना स्वतःला स्वयंपाकात फारशी गती नव्हती. हे वाचून मला केवढा धीर आला! दुसऱ्याच्या कामाची मांडणी सुधारायला ते काम स्वतःला यावं लागत नाही, ही आमच्या खात्याची जुनी श्रद्धा आहे.

मांडणीच्या बाबतीत हिचं आणि माझं एकमत झालं ते मिसळणाच्या डब्यावर. मोहरी, हळद, हिंग डोळे मिटून सापडतात, कारण डबा हाताशी असतो आणि वाट्यांच्या जागा बदलत नाहीत. शिवणाच्या जागेचंही तसंच. रोजचं हाताच्या टप्प्यात, आठवड्याचं डोक्याच्या उंचीवर, वर्षाचं माळ्यावर. कापायच्या टेबलाला आम्ही पायांखाली ठोकळे लावून ते हिच्या कोपराच्या जरा खालपर्यंत वर घेतलं आणि पाठदुखीचा मलम त्या महिन्यात कमी लागला. भिंतीवर प्लायवूडचा तुकडा ठोकून त्यावर कात्र्या टांगल्या, प्रत्येक कात्रीमागे तिची आकृती रंगवली, म्हणजे कात्री जागेवर नसली तर भिंत चुगली करते. रेशमाच्या कात्रीने आविनच्या दुधाची पिशवी कापणे हा आमच्या घरात गुन्हा आहे. दूध माझ्याकडे असल्यामुळे संशयही माझ्यावरच येतो.

मशीनची मोटर बदलली हा खरा शहाणपणाचा खर्च. कारखान्यातल्या मशीनला पूर्वी क्लच मोटर असायची. स्विच लावला की ती घूं घूं करत फिरत राहते, तुम्ही शिवा अगर चहा प्या. सर्व्हो मोटर पायडल दाबलं तेवढीच फिरते, वीज कमी खाते आणि मुख्य म्हणजे गप्प असते. आमच्या खालच्या मजल्यावर एक वयोवृद्ध ताता राहतात. क्लच मोटरच्या दिवसांत ते जिन्यात भेटले की हसायचे नाहीत. इस्त्रीसाठी बोअरवेलचं पाणी वापरायचं नाही हेही इथे राहून शिकावं लागतं. त्या पाण्यातल्या क्षारांनी वाफेची भोकं बुजतात आणि ऐन वेळी मोतिया रंगाच्या रेशमावर तपकिरी थेंब पडतो. पिण्याच्या कॅनमधलं पाणी इस्त्रीला, आणि आम्ही उकळून पितो.

पण इतकं सगळं करूनही जागा पुरेना. हॉल हा शेवटी हॉल. तिथे जेवायचं टेबल आहे, सोफा आहे, टीव्ही आहे, पाहुणे आहेत. माझा कल पार्टिशन घालण्याकडे होता. ते घातलं नाही याचं कारण मी सौकारपेठेत पाहिलं.

तिकडे गेलो जरीच्या निमित्ताने. पोशाख कापल्यावर कांजीवरमच्या काठांचे तुकडे उरतात, ही ते पिशव्यांत भरून ठेवते. जरीत चांदी असते, मग ही चांदी विकता येईल का? चेन्नईत सोन्याचांदीचा असा प्रश्न पडला की मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला देशभरच्या सराफ बाजारांत गेली आणि तिथेच राहिली. या धंद्याला गलाई म्हणतात. कंपनी सरकारची टांकसाळ ज्या रस्त्यावर होती त्या मिंट स्ट्रीटच्या आसपासच्या गल्ल्यांत तुम्ही मराठीत जोरात शिंकलात तरी कुणीतरी "काय पाव्हणं, कुठलं गाव?" म्हणून विचारेल.

आम्ही गेलो ते काका विट्याकडचे. त्यांच्याकडे जायचा जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याने चढणाऱ्याची वाट बघायची. वर एका बाजूला भट्टी, तिच्यावर धुराडं, फडताळात मुशी उतरत्या आकारात मांडलेल्या, टाकणखाराचा डबा, लांब चिमटे खिळ्यांना टांगलेले. माझा हात नकळत खिशाकडे गेला. इतकी शिस्तवार जागा पाहिली की मला घड्याळ लावावंसं वाटतं. काकांनी काम समजावून सांगितलं. जुन्या दागिन्याच्या सोन्यात त्याच्या तिप्पट चांदी घालून आधी ते वितळवायचं. सोनं शुद्ध करायचं तर त्यात आणखी भेसळ का करायची, असं कुणालाही वाटेल. पण चांदी पुरेशी असल्याशिवाय तेजाब आतपर्यंत पोचत नाही. तेजाबात चांदी आणि तांबं विरघळतं, खाली सोनं उरतं ते विटकरी पुडीच्या रूपात. बघून कुणी त्याला सोनं म्हणणार नाही. ती पूड टाकणखार घालून मुशीत वितळवली की पिवळा रंग परत येतो. तेजाबात गेलेली चांदीही सुटत नाही. त्यात तांब्याची पट्टी सोडली की चांदी पुन्हा तळाशी बसते.

"पर ताई, ह्ये घरात करायचं काम न्हवं," काका हिला म्हणाले. "तेजाबाचा धूर लई वाईट. कारखाना घरात आणताना पयलं बघायचं, घरातल्या पोराबाळांनी त्यो वास घ्यावा का."

मी जमिनीकडे बघत होतो. केर काढून एका डब्यात भरला होता. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवलं होतं. पायपुसणं, झिजलेली केरसुणी, फाटलेले हातरुमाल, यातलं काही टाकत नाहीत. ते जाळून राख गाळतात. सोनाराच्या दुकानापुढची धूळ धुऊन त्यातून सोन्याचे कण काढणारे झारेकरी आपल्याकडे होतेच. इथे ते काम मालक स्वतःच करतो. आमच्या शास्त्रात वाया जाणाऱ्या मालावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत, पण पायपुसणं जाळून नफा काढा असं कुठल्याही प्रकरणात सांगितलेलं नाही.

काका पोरगेलेसे असताना या एकाच खोलीत सगळं होतं. भट्टीही इथेच आणि झोपणंही इथेच. भट्टी पेटलेली असेतो कुणी भाकरीचं नाव काढायचं नाही. संध्याकाळी भट्टी विझली की जमीन झाडून पुसून घ्यायची, केर डब्यात बंद करायचा आणि मग माळ्यावरच्या वळकट्या खाली यायच्या. सकाळी वळकट्या वर, भट्टी खाली. त्या खोलीत पार्टिशन नव्हतं. वेळ ठरलेली होती आणि ती कुणी मोडत नव्हतं.

मग काकांनी आमची पिशवी उघडली. एकेका काठातून जरीचा धागा ओढून काडीच्या ज्योतीवर धरायला सुरुवात केली. बहुतेक धागे आखडले आणि त्यांच्या टोकाला काळा कडक मणी झाला. "प्लाष्टिक," काका म्हणाले आणि ते बाजूला टाकत गेले. एका जुन्या साडीच्या तुकड्याचा धागा मात्र वेगळा जळला. केस जळल्याचा वास आला, आतलं रेशीम गेलं आणि बारीक तार तशीच राहिली. "ही कुणाच्या तरी आजीची," ते म्हणाले. "ही ठेवा." अख्ख्या पिशवीत तसे तुकडे मूठभर. त्यांतून निघणाऱ्या चांदीत आमचा ऑटोचा खर्चही सुटला नसता.

निघताना त्यांनी हिला विचारलं, "तुकडे येगळे कधी करता?"

"पिशवी भरली की."

"कापतानाच करायचे. एकदा मिसळलं की गाळत बसावं लागतं. त्याचंच तर आम्ही खातो."

मी पगार घेऊन लिहिलेले सगळे अहवाल एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला.

आता कापायच्या टेबलाखाली तीन खोकी आहेत: खरी जरी, खोटी जरी, साधं रेशीम. आणि हॉल आम्ही वेळेने वाटून घेतला आहे. इस्त्री पहाटे, कारण मे महिन्यात अग्निनक्षत्र लागलं की नऊनंतर इस्त्रीजवळ उभं राहणं ही शिक्षा असते. सकाळी मशीन. दुपारी जेवणं झाली की टेबल पुसून त्यावर कापणी. कात्रीचा आवाज होत नाही, त्यामुळे ताता झोपतात आणि मीही. संध्याकाळी मुली क्लासवरून मापं द्यायला येतात, तेव्हा सोफ्यावर एकही टाचणी दिसता कामा नये. रात्री हूक आणि काजं, टीव्हीसमोर. नऊ वाजता ते टेबल पुन्हा जेवायचं होतं. कारखान्यात आम्ही कामगाराच्या वेळेत वैयक्तिक गरजा आणि थकवा यांसाठी काही टक्के सूट धरायचो. घरात मामींसाठी वेगळी सूट धरावी लागते, आणि ती टक्क्यांत सांगता येत नाही.

मामींना सूट द्यायला आमची हरकत नाही, कारण आमचं सर्वांत उत्तम रॅक मामींचं आहे. तमिळ घरांत नवरात्रात कोलू मांडतात, बाहुल्यांच्या पायऱ्या. बाहुल्या येतात पुरसवाक्कमजवळच्या कोसपेट्टैसारख्या ठिकाणांहून. तिथल्या कुंभारांच्या गल्ल्यांतही घर आणि कारखाना यांच्यात भिंत नसते. देवांच्या मूर्ती दारात वाळत असतात आणि माणसं त्यांना वळसा घालून आत जातात. मामींकडच्या पायऱ्या लोखंडी, नटबोल्टच्या, सुट्या होणाऱ्या. वर्षातले दहा-बारा दिवस त्यांवर देव बसतात, बाकी काळ त्या पलंगाखाली गंजत होत्या. आता त्यांवर रंगांच्या क्रमाने दोऱ्याची रिळं बसतात. प्रत्येक पायरीवरचं रीळ मागच्या रांगेतलंसुद्धा दिसतं, कुठलंही हलवावं लागत नाही. एवढं सोयीचं रॅक मी कुठल्याही कॅटलॉगात पाहिलेलं नाही.

अडचण एकच. नवरात्र आलं की पायऱ्या परत. आणि नेमका तेव्हाच हिचा हंगाम चढायला लागतो. डिसेंबरच्या मध्यात मार्गळी महिना लागतो, सभांमधून नाचगाण्याचे कार्यक्रम सुरू होतात आणि प्रत्येक आईला पोशाख आदल्या आठवड्यात हवा असतो. त्यात चेन्नईचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. 2015 च्या डिसेंबरात पूर आला, 2016 च्या डिसेंबरात वर्दा वादळ, 2023 च्या डिसेंबरात मिचाँग. त्यामुळे आमच्याकडे जमिनीजवळ विजेचा एकही प्लग नाही, रेशीम पत्र्याच्या ट्रंकेत वरच्या फळीवर असतं, आणि नोव्हेंबर संपायच्या आत शिवून दिलेल्या पोशाखाला ही थोडी सवलतही देते. सवलत फारसं कुणी घेत नाही. वादळ मात्र वेळेवर येतं.

आयुधपूजेला मशीनला, कात्र्यांना, इस्त्रीला गंध-कुंकू लावून ठेवतात. त्या दिवशी त्यांना हात लावायचा नाही. गेल्या वर्षी हिने माझ्या स्टॉपवॉचलाही कुंकू लावलं. मी ते कृतज्ञता म्हणून घेतलं. दुसऱ्या दिवशी घड्याळ मागितलं तर ही म्हणाली, "राहू दे अजून थोडे दिवस."

तेव्हा चेन्नईतल्या वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे किंवा तुमच्या शेजारच्या मामींकडे कोलूच्या लोखंडी पायऱ्या न वापरता पडून असतील, शक्यतो सात पायऱ्यांच्या, तर आम्हाला हव्या आहेत. भाडं देऊ, गंज काढून रंगही देऊ. फक्त नवरात्रात परत मागू नका.